मेघाच्या फोटोतले दाणे

मेघा ऑगस्टमध्ये जर्मनीला गेली. नागपुरातल्या एका दवाखान्यात आयसीयूत बरीच वर्षं काढलेली नर्स. तिकडे नर्स मिळत नाहीत म्हणून इकडून मुली जातात, तशी तीही गेली. भाषेचा क्लास लावला, परीक्षा दिल्या आणि एका लहानशा शहरातल्या रुग्णालयात नेमणूक झाली. तिथली आणखी एक परीक्षा पास झाली की पुरती नर्स म्हणून मान्यता मिळणार होती आणि मग नवऱ्यालाही बोलावता येणार होतं. नवरा धम्मदीप. त्यानंच तिला भरीला घातलं होतं. ती कचरत होती तेव्हा तोच म्हणाला होता, "जा ना वं. दोन वर्षं काय, अशी निघून जातात." "अशी" म्हणताना त्यानं चुटकी वाजवली होती.

धम्मदीप रामटेके लग्नांचे फोटो काढतो. नागपूरच्या महाल भागात एका अरुंद गल्लीत, भांड्यांच्या दुकानावर त्याचा स्टुडिओ आहे. घर इंदोऱ्यात, घरी आई सिंधूताई. मेघा निघाली त्या दिवशी विमानतळाच्या दारात त्यानं आपला जुना कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला.

"हा कायले?" मेघा म्हणाली. "माह्या फोनात दोनशे मेगापिक्सेल आहेत. याच्यात किती?"

"बारा."

"मंग?"

"मंग काही नाही. तितं हिवाळ्यात दुपारी चारलेच अंधार पडते म्हणतात. अंधारात हाच कामाचा."

मेघानं वाद घातला नाही. बारा आणि दोनशे यांच्यातला फरक तिला ठाऊक होता. त्यांची ओळखच त्यावरून झाली होती.

तेव्हा ती नर्सिंग शिकत होती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीजवळ तिच्या कॉलेजनं प्रथमोपचाराचा मांडव टाकला होता. चालून चालून पाय सोललेले लोक संध्याकाळपर्यंत येत राहिले. मांडवात एकच पिवळा दिवा. त्या दिव्याखाली मेघा एका म्हाताऱ्या बाईच्या पायाला पट्टी बांधत होती आणि बाहेर उभ्या असलेल्या धम्मदीपनं तिचा फोटो काढला. खिशात मावेल असा छोटा कॅमेरा होता त्याच्याकडे. पट्टी बांधून झाल्यावर ती सरळ त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"दाखवा."

त्यानं दाखवला. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

"हे काय? मले गोवर निघाला का?"

चेहराभर लाल-निळे ठिपके होते. धम्मदीप ओशाळला आणि घाईघाईनं समजावू लागला. याला नॉइज म्हणतात, आम्ही दाणे म्हणतो. आत एक सेन्सर असतो, उजेड त्याच्यावर पडतो. या कॅमेऱ्यातला सेन्सर नखाएवढा आहे आणि त्याच्यावर एक कोटी पिक्सेल दाटीवाटीनं बसवलेत. उजेड आधीच कमी, जागा कमी, त्यात वाटेकरी एक कोटी. एकेकाच्या वाट्याला काय येणार? मग कॅमेरा आलेला उजेड फुगवून दाखवतो, आणि त्याच्याबरोबर आतली खरखरही फुगते.

मेघानं क्षणभर विचार केला. "म्हणजे भातातल्या खड्यांसारखं. आमच्या भिवापूरले घरचा तांदूळ असते. परातभर भातात चार खडे गेले तर कोणाले समजत नाही. वाटीभर भातात तेच चार असले तर घासागणिक दाताखाली येतात."

"अन् ते वाटीभरच दहा जणांले वाढलं तर?"

"तर एखाद्याच्या पानात खडाच." ती हसली. "मंग परातच मोठी घ्या ना तुम्ही."

मोठी परात घ्यायला त्याला काही वर्षं लागली. बारा मेगापिक्सेलचा तो जुना, वजनदार, मोठ्या सेन्सरचा कॅमेरा त्यानं दुसऱ्याकडून घेतला आणि त्याच्यावर काढलेला पहिला फोटो मेघाचा होता, तिच्या हॉस्टेलच्या फाटकाशी, दिवे लागायच्या वेळी. त्यात गोवर नव्हता. डाव्या डोळ्याखालचा तीळ तेवढा होता. पुढे धंद्यासाठी त्यानं नवा कॅमेरा घेतला, पण जुना त्याला विकवला नाही. लग्नात पोरं विचारायची, भाऊ, यात किती मेगापिक्सेल, आमच्या फोनात तर इतके आहेत. तो आधी आधी समजावायचा. नंतर नुसता हसायचा आणि घरी येऊन मेघाला सांगायचा. हे सगळं कळणारं त्याच्या आयुष्यात ते एकच माणूस होतं.

जर्मनीत गेल्यावर मेघानं तो कॅमेरा खरंच वापरला. ड्युटीवर जाता-येताना गळ्यात असायचा. सप्टेंबरात पिवळी पडलेली झाडं आली, ऑक्टोबरात धुकं. मग तिच्या खोलीतली खिडकी, खिडकीतली ती. बाहेर मळकट उजेड असला तरी फोटो नितळ. धम्मदीप स्टुडिओत मोठ्या स्क्रीनवर तो फोटो उघडायचा आणि मोठा करत न्यायचा. कानाजवळचे बारीक केस, थंडीनं फाटलेला ओठ, गालावर मास्कच्या दोरीचा वळ. इतकं स्पष्ट, की बोट लावलं तर ऊब लागेल असं वाटे. मग बोट काचेला लागायचं. खालच्या दुकानात कोणीतरी पातेलं वाजवून पाहत असायचं.

जानेवारी लागता लागता हे थांबलं.

आधी मेघाला सर्दी झाली. आवाज बसला होता, म्हणून आठवडाभर तिनं नुसते मेसेज केले. नंतर बोलायला लागली, पण आवाज जरा बोबडा. "अजून सर्दी आहे," म्हणाली. व्हिडिओ कॉल सुरू झाले तेव्हा खोलीत अंधार आणि कोपऱ्यात एक लहान दिवा. फोनच्या समोरच्या कॅमेऱ्यातून ती दिसायची ती अशी, जशी पहिल्यांदा दिसली होती. ठिपक्या-ठिपक्यांची.

"मोठा दिवा लाव ना."

"डोकं दुखते मोठ्या दिव्यानं."

"अन् कॅमेऱ्यातले फोटो काहून नाही पाठवत?"

"चार्जर बिघडला गा."

"मी पाठवू का इथून?"

"नको. मी घेते इथंच."

चार्जर काही तिनं घेतला नाही. फोनवर काढलेले फोटो यायचे, तेही संध्याकाळचेच. फोन आपल्या अकलेनं दाणे पुसून टाकायचा आणि त्या भरात मेघाही पुसली जायची. कानाजवळचे केस गेले, तीळ गेला, ओठाच्या रेषा गेल्या. साबणाच्या वडीसारखा एक गुळगुळीत चेहरा उरायचा. धम्मदीपला ते पाहवायचं नाही. पण पाहिल्याशिवाय राहवायचंही नाही. लग्नसराई चालू होती. दिवसभर तो दुसऱ्यांच्या बायकांचे, बहिणींचे, मुलींचे चेहरे टिपायचा, प्रत्येकीच्या डोळ्यांतला उजेड नीट आला की नाही ते बघायचा. आणि घरी आल्यावर स्वतःच्या बायकोचा चेहरा त्याला आठवावा लागायचा.

सिंधूताईंनाही ते खटकलं. एका कॉलनंतर त्या म्हणाल्या, "काहून गा, मेघाच्या तोंडावर धुकं काहून आहे?"

"उजेड नाही आई तिच्या खोलीत."

"मले तिचा एक चांगला फोटो करून दे. भिंतीवर लावाले. भिंतीवर सारे मेलेलेच लटकले आहेत. एक जित्ता माणूस लाव."

दुसऱ्या दिवशी त्यानं मेघाला सांगितलं. ती हसली. "दिवसा खिडकीत काढून पाठव," तो म्हणाला. दिवसा ड्युटी असते, ती म्हणाली. सुट्टीच्या दिवशी? सुट्टीच्या दिवशी झोपते. मग त्याला एक युक्ती सुचली.

"बरं, दिव्याच्याच उजेडात काढ. फोन टेबलावर टेकव, टायमर लाव, अन् अजिबात हलू नको. एक नाही, वीसेक काढ, एकामागून एक. ते नाइट मोड अन् ब्यूटी-फिटी सारं बंद कर."

"इतके कायले?"

"एखादा तरी चांगला निघेल."

गिऱ्हाइकांशी तो असाच बोलायचा, कारण सगळं समजावत बसायला वेळ नसतो. मेघाशीही तसंच बोलून गेला. खरी गोष्ट अशी होती की त्याला एक चांगला फोटो नको होता, सगळेच वाईट हवे होते. दाणे कधी एका जागी बसत नाहीत. एकाच माणसाचे, एकाच उजेडात, न हलता वीस फोटो काढले तर वीसही फोटोंत ते वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. चेहरा मात्र जिथल्या तिथं असतो. ते सगळे फोटो एकावर एक ठेवून सरासरी काढली की दाणे एकमेकांना खाऊन टाकतात. छोट्या सेन्सरला एका वेळी जेवढा उजेड मिळत नाही, तेवढा असा तुकड्या-तुकड्यांनी गोळा करता येतो.

फोटो आले. दुपारी स्टुडिओचं दार लोटून तो कामाला बसला. प्रत्येक फोटो डोळ्यांच्या बाहुल्यांवर जुळवला, कारण मेघा कितीही स्थिर बसली तरी श्वास घेतच होती. मग एकेक थर चढवत गेला. चार झाले तेव्हा दाणे जरा मंदावले. दहा झाले तेव्हा उजवा गाल निवळला, कानातली बारीक रिंग दिसली. धम्मदीप खुर्चीत पुढे सरकला. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याकडे येत होती, पाण्याखालून वर येणाऱ्या माणसासारखी. डाव्या डोळ्याखालचा तीळ वर आला तेव्हा तो एकटाच मोठ्यानं "हाव!" म्हणाला.

सगळे थर चढले. डावी बाजू दिव्यापासून दूर होती, सावलीत. ती थोडी उजळून पाहावी म्हणून त्यानं स्क्रीनवरची उजेडाची पट्टी सरकवली, आणि तिथं एक रेघ दिसली. वरच्या ओठापासून निघून गालावर तिरकी गेलेली. त्याला वाटलं, केस असेल. पण केस वीस फोटोंत एकाच जागी राहत नाही. त्यानं सुटा एकेक फोटो पुन्हा उघडून पाहिला. एकट्या फोटोत ती रेघ दाण्यांत हरवून जात होती. वीस मिळून मात्र स्पष्ट दिसत होती. रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक टिंबं होती, सारख्या अंतरावर. टाक्यांच्या खुणा.

तो उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला. गेल्या महिन्याभरातले सगळे फोटो त्यानं एकापाठोपाठ लावले. प्रत्येकात दिवा उजव्या बाजूला. प्रत्येकात मान किंचित वळलेली. माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवणं हा त्याचा रोजचा धंदा, आणि त्याला हे दिसलं नव्हतं. तो आपला दाण्यांवरच चिडत बसला होता.

मग नाना विचार आले. कोणी मारलं का? पेशंटनं? रस्त्यात कोणी? काही मोठं आहे का, जे ती बोलू शकत नाही? फोन हातात घेतला, नंबर काढला आणि ठेवून दिला. तिनं दिवा विचार करून ठेवला होता. त्या दिव्याच्या मागं काय आहे ते तो तिला न विचारता पाहून आला होता. जोडीदाराची बंद पेटी उघडल्यासारखं वाटलं त्याला. पण उघडली होती, आता काय?

संध्याकाळपर्यंत तो काहीच न करता बसून राहिला. निघण्याआधी त्यानं तो फोटो मेघाला पाठवला आणि खाली लिहिलं, "फोटो तयार झाला. आईले दाखवू का?"

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानं दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. "मी बरी आहे. बोलते," एवढंच आलं. सिंधूताईंनी जेवताना विचारलं, "मेघाचा फोन नाही आला?" तो म्हणाला, "ड्युटी आहे." आपणही दिवा बाजूला ठेवायला शिकलो, असं त्याला वाटलं.

तिसऱ्या दिवशी शहराच्या वेशीवर, वाडीला हळद होती. एका ट्रान्सपोर्टवाल्याची मुलगी. अमरावती रोडवर गोदामांच्या मागं त्यांचं घर आणि घरापुढच्या मोकळ्या जागेत मांडव. नवरीला हळद लावून झाली होती, आता मामा-मावश्या एकमेकांच्या मागं धावत होत्या. दुपार कलायला आली तरी ऊन डोळ्यांत घुसत होतं. खिशातला फोन थरथरला. मेघा. व्हिडिओ.

धम्मदीपनं कॅमेरा तसाच खांद्याला अडकवला आणि मांडवाबाहेर पळत आला. फोन उचलला, पण उन्हात स्क्रीन काळी ठिक्कर. स्वतःचाच चेहरा तिच्यात दिसत होता.

"दीप? दिसून राहिली का मी?"

"थांब, थांब. ऊन आहे इथं. थांब." तो सावली शोधत धावला. गोदामाची भिंत तापलेली, तिला सावलीच नव्हती. समोर एक ट्रक उभा होता. तो वाकून ट्रकच्या मागच्या चाकाशी जाऊन बसला, फोन पोटाशी घेतला आणि रुमाल डोक्यावरून ओढून त्याच्यावर धरला.

"कुठं आहे तू?"

"ट्रकखाली."

"काहून?"

"तुले पाहाले."

हळूहळू डोळे अंधाराला सरावले आणि मेघा दिसली. बाहेर उभी होती ती, कुठल्यातरी बागेत. मागं पांढरं बर्फ, पांढरं आभाळ, आणि त्या सगळ्या पांढऱ्याचा मऊ उजेड चेहऱ्यावर चहूकडून पडलेला. कुठंच सावली नव्हती. तिनं टोपी काढली, केस मागं घेतले.

"आधी एक सांगते. तुहा कॅमेरा फुटला."

"काय?"

"पहिल्यांदा बर्फ पडलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. ड्युटीवरून येत होती. रस्त्यावर काचेसारखं झालं होतं, समजलं नाही. कॅमेरा गळ्यात होता. मी त्याच्यावरच पडली. लेन्स तोंडाखाली आली." तिनं श्वास घेतला. "आमच्याच दवाखान्यात टाके घातले. पुढचा दात गेला. गालाचं हाड जराशीक तडकलं होतं, ते जुळलं. कॅमेरा काही जुळला नाही. मी दुकानात दाखवला. मले खूप वाईट वाटलं गा, तू इतकी वर्षं सांभाळला..."

"कॅमेरा जाऊ दे वं मेघा! मले काहून नाही सांगितलं?"

मेघाच्या तोंडातून वाफ निघत होती. मांडवात ढोल सुरू झाला आणि कोणीतरी "फोटोवाले भाऊ कुठं गेले?" म्हणून ओरडलं.

"तू म्हटलं असतं, परत ये," ती म्हणाली.

"म्हटलं नसतं."

"म्हटलं असतं, दीप. अन् मी आली असती." आता तिचा आवाज तुटला. "तुले वाटते मी तुह्यापासून लपवलं. त्या दिवशी मी पडली ना, उठताच येत नव्हतं. रक्त पाहून मी काय विचार केला, माहीत आहे? बरं झालं. आता मले घरी जाता येते. नर्स आहे मी, अन् खुश झाली की मले लागलं. इतकी आठवण येऊन राहिली होती सगळ्याची. मंग मले माहीच भीती वाटली. तू नुसतं 'ये' म्हटलं असतं तर मी त्याच दिवशी बॅग भरली असती. अन् मंग आयुष्यभर आपण दोघं त्या परीक्षेबद्दल काहीच बोललो नसतो."

धम्मदीपच्या ओठांवर "ये" आलंच होतं. आता, या घडीला, म्हटलं तर ती येईल हे त्याला कळत होतं. ढोल वाजत होता. ट्रकच्या चाकाला मातीचा आणि डिझेलचा वास होता. तो शब्द त्यानं तोंडातच धरून ठेवला, आणि तो धरून ठेवायला किती जोर लागतो ते त्याला पहिल्यांदाच समजलं.

"डावीकडे वळ जराशीक," तो म्हणाला.

ती वळली.

"अजून. हनुवटी खाली. हाव, तशीच."

रेघ पूर्ण दिसली. ओठाजवळ जाड, पुढे बारीक होत गेलेली, अजून गुलाबी. टाक्यांची टिंबं दोन्ही बाजूंना. त्यानं ती वरपासून खालपर्यंत पाहिली, सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखी. मग तीळ पाहिला. मग फाटलेले ओठ.

"कशी दिसून राहिली?" मेघानं त्याच्याकडे न बघता विचारलं.

"दिसून राहिली," तो म्हणाला. "बस. दिसून राहिली."

ती रडायला लागली आणि रडता रडता हसली, तेव्हा पुढच्या दाताची मोकळी जागाही दिसली. तो ट्रकखाली बसून पाहत राहिला. शेवटी नवरीची मावशी त्याला शोधत आली, वाकून बघते तर फोटोग्राफर डोक्यावर रुमाल घेऊन रडतोय. आपला हळदीनं भरलेला हात अंगापासून दूर धरून ती म्हणाली, "या भाऊ, सावकाश या. पोरी थांबल्या आहेत."

घरी गेल्यावर त्यानं आईला फोटो दाखवला, रेघेसकट, आणि काय झालं ते सांगितलं. सिंधूताईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग मेघाला फोन लावायला लावला आणि तिला चांगलंच झापलं. "लागलं तं लागलं, सांगाचं नाही का वं? मी इथं तुह्या नावानं सर्दीचा काढा विचारून राहिली लोकाईले!" फोटो दुसऱ्या दिवशी भिंतीवर लागला. धम्मदीप त्यावर आणखी हात फिरवून रेघ हलकी करू शकला असता. त्यानं केली नाही, आणि त्या दोघींपैकी कोणी कर म्हणालंही नाही.

फेब्रुवारीत मेघानं परीक्षेचा अर्ज भरला. तारीख सप्टेंबरची मिळाली. त्याच्या आत तिला घरी येणं जमणार नाही, हे दोघांनी मिळून ठरवलं, म्हणजे एकानं म्हटलं आणि दुसऱ्यानं हो म्हटलं.

एप्रिल आला. तिकडे दिवस वाढले. इकडे कूलर लागले. मेघा आता ड्युटीवरून आली की खिडकी उघडून, उजेडात बसून फोन करायची. नवा दात बसला होता. फोन तोच, नखाएवढ्या सेन्सरचा, पण भरपूर उजेड असला की त्या छोट्या सेन्सरलाही पोटभर मिळतं, त्यामुळे सगळं अगदी साफ दिसायचं. कपाळावरचा घाम, ओढणीवरचा शाईचा डाग. धम्मदीपला वाटलं होतं, ती नीट दिसायला लागली की जीव शांत होईल. झालं उलटंच. दाण्यांवर रागावता तरी येत होतं. आता रागवायला काही उरलं नव्हतं. समोर ती होती, पूर्ण, आणि नव्हती.

एका संध्याकाळी तिनं फोन स्वयंपाकघरात टेकवून ठेवला होता. तिच्या वडिलांनी, गोपाळरावांनी, तिकडे जाणाऱ्या एका मुलीबरोबर भिवापुरी तिखट पाठवलं होतं, ते त्या दिवशीच तिच्या हाती आलं होतं. "पाह्य आता," म्हणत तिनं कढईत तेल तापवलं, लसूण टाकला आणि वरून तिखट. धूर उठला. मेघा शिंकली, खोकली, डोळे पुसत हसायला लागली.

"काय वास सुटला आहे गा! येऊन राहिला का तितं?"

धम्मदीपनं नकळत श्वास आत ओढला. कूलरच्या ओल्या गवताचा वास आला.

"नाही येऊन राहिला," तो म्हणाला.

तेवढ्यात तिच्या छताला लावलेला, धुराचा इशारा देणारा भोंगा कर्कश वाजू लागला. "अरे देवा, थांब, थांब," म्हणत ती खिडक्या उघडायला धावली. दाराबाहेर कोणीतरी आलं. तिचा आवाज ऐकू येत होता, घाईघाईनं, हसत, त्या परक्या भाषेत, आणि त्यातला एकही शब्द त्याला कळत नव्हता. समोर फक्त ओटा होता, गॅसवरून उतरवलेली कढई होती आणि खिडकीतून आलेलं संध्याकाळचं लख्ख ऊन.

"गेली का?" सिंधूताईंनी आतून विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "येते आहे." आणि फोन तसाच हातात धरून बसला.